खिशातल्या उबेवर चालणारा फोन

माझ्या दुकानाची पाटी माझ्या नावाची आहे, सोल्डरिंगचं पेन माझं आहे, दुखरी मानही माझीच आहे. मत मात्र तिथं काकांचं चालतं.

फोन आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं हे दुकान एवढंसं आहे. काउंटर, त्यावर भिंग लावलेला दिवा, मागे स्क्रूंचे आणि जुन्या बॅटऱ्यांचे डबे, दाराशी एक उंच स्टूल. स्टूल मी गिऱ्हाइकांसाठी आणलं होतं. सहा वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता पेपर काखेत मारून आले आणि स्टुलावर बसले ते बसलेच. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. आईवडील लवकर गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे त्यांना "तिथून उठा" म्हणायची सोय नव्हती.

रोज सकाळी ते पेपरचं तंत्रज्ञानाचं पान उघडायचे, दोन्ही हातांनी तोंडासमोर ताठ धरायचे आणि जगभरच्या नव्या यंत्रांची हजेरी घ्यायचे.

"घडीचा फोन काढलाय म्हणे. अहो, घडी चादरीची घालतात. ज्या वस्तूला बिजागरी असते ती आधी बिजागरीतच मोडते, कुठल्याही सुताराला विचारा."

किंवा, "हे घड्याळ तुमची पावलं मोजतं. मोजून काय करणार? संध्याकाळी परत देणार आहे का?"

बोलणाऱ्या फोनवर त्यांचा विशेष राग. "फोननं माणसासारखं बोलू नये. माणसं बोलतात तेवढं पुरे झालं. ज्याला वाचायचा कंटाळा त्याची चैन आहे ती, दुसरं काही नाही."

गिऱ्हाईकं हसायची. हसून झालं की माझ्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनाच विचारायची, "मग काका, कुठला घेऊ?" मी भिंगाखाली डोकं घालून केसाएवढी तार जोडत असायची, आणि ज्या माणसानं स्वतः बटणांच्या फोनशिवाय काही वापरलं नाही तो माझ्या गिऱ्हाइकाला फोन निवडून देत असायचा. काकांनी लहानपणी माझं नाव ठिणगी ठेवलं ते काही उगाच नाही. पण त्यांच्यापुढे मी विझते.

खोटं कशाला बोलू, त्यांची मतं बहुतेक वेळा बरोबर निघायची. कुणाचा लॅपटॉप घरघरत असला तर ते स्टुलावरूनच सांगायचे, "पंख्यात धूळ नाही, त्याची बेअरिंग गेलीय." मी उघडून बघायची तर तसंच. "यंत्राला आधी कान लावायचा, मग हात," हे त्यांचं लाडकं वाक्य. लिफ्टच्या कामात चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

गेले काही दिवस ते हसले की त्यांच्या कोटाच्या खिशात काहीतरी खुळखुळायचं. मी लक्ष दिलं नाही. लिफ्टवाल्यांच्या खिशात काय वाट्टेल ते सापडतं.

त्या मंगळवारी काका जेवायला घरी गेले होते आणि मी पेपरवालीच्या फोनचं चार्जिंगचं भोक साफ करत होते. ही पेपरवाली म्हणजे चौकात पेपर विकणारी, आमच्या काकांचा पेपरही तिच्याचकडचा. फोनच्या भोकातून इतका कचरा निघाला की त्याची उशी भरली असती. तेवढ्यात शाळेतल्या बाई आल्या. रस्त्यापलीकडच्या शाळेत त्या भूगोल शिकवतात, आणि आवाज असा की दुकानातही वर्ग भरल्यासारखा वाटतो.

"आला का तो?"

"कोण, काका? जेवायला गेलेत."

"काका नव्हे हो. फोन! खिशातल्या उबेवर चार्ज होणारा."

मी भिंगातून डोकं वर काढलं. बाईंनी सगळं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी काकांनी पेपरातून वाचून दाखवलं होतं की एका कंपनीनं नवा फोन काढलाय. वायर नको, खिशात ठेवला की अंगाच्या उबेवर चार्ज होतो. बाईंनी विचारलं होतं, "मग थंडीत काय करायचं?" आणि काकांनी सांगितलं होतं, "कोट घालायचा." बाईंना ते पटलं. त्यांचा जुना फोन दोन तासांत मान टाकत होता, तरी त्यांनी दुसरा घेतला नाही.

"दोन महिने मी तो भिंतीला लावून वापरतेय," बाई म्हणाल्या. "वायर पुरते तेवढीच मी फिरते. नद्या शिकवायला फळ्यापाशी जावं लागतं, तेव्हा फोन तिकडे बोंबलत असतो. काका दर वेळी सांगतात, कंपनीनं तारीख पुढं ढकललीय."

असा फोन नाही, हे मला ठाऊक होतं. असता तर तो दुरुस्त करायला माझ्याकडेच आला असता. पण काका खोटं बोलतील असं काही माझ्या डोक्यात येईना. म्हटलं, पेपरात लिहिणाऱ्यांनीच काहीतरी पुडी सोडली असेल.

"कुठल्या पानावर आलं होतं?" पेपरवालीनं विचारलं.

"तंत्रज्ञानाच्या."

"ते पान बंद होऊन तीन महिने झाले की. आता तिथं फर्निचरच्या जाहिराती असतात."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी स्टुलावरचा पेपर उचलला आणि चाळला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. सोफे होते, कपाटं होती, सोफ्याचा पलंग होणारे सोफे होते. तंत्रज्ञानाचं पान नव्हतं. आज सकाळीच काकांनी हाच पेपर तोंडासमोर धरून एका बिनड्रायव्हरच्या गाडीची खरडपट्टी काढली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं माझं मत बाजूला सारून लोक ज्यांच्या शब्दावर विसंबले, ते काका तीन महिने नुसत्या हवेतून बातम्या काढत होते, आणि माझ्या दुकानात बसून! बाईंना मी कसंबसं वाटेला लावलं, पेपरवालीला तिचा फोन दिला, शटर ओढलं आणि तरातरा काकांच्या घराकडे निघाले.

काका राहतात ती इमारत दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे. पाच मजले, जुनी लिफ्ट, आणि तळमजल्यावर काकांची खोली. निवृत्त झाल्यावरही त्या एका लिफ्टची देखभाल त्यांच्याचकडे राहिली होती, कारण त्या वयाच्या लिफ्टला हात लावायला दुसरं कुणी तयार होत नव्हतं. मी आत शिरले तोच इमारतीच्या व्यवस्थापकांनी मला जिन्यापाशी गाठलं. घामाघूम झालेला मोठ्या पोटाचा माणूस, चौथ्या मजल्यावरून नुकताच उतरलेला.

"बरं झालं आलात. काकांना जरा सांगा ना. पंधरा दिवस लिफ्ट बंद आहे. विचारलं की म्हणतात, पार्ट मागवलाय, यायचाय. पाचव्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्याच नाहीत पंधरा दिवसांत. लोक मला खायला उठलेत."

हेही नवीन होतं. काका दुकानात एका शब्दानं बोलले नव्हते. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आज सगळ्याचाच निकाल लावू. वर जाऊन पार्टचा नंबर बघते, मीच मागवते, आणि मग खाली येऊन काकांशी बोलते. व्यवस्थापकांकडून मोटरच्या खोलीची किल्ली घेतली.

"तिथलं रजिस्टर बघते," मी म्हटलं. "काय बिघडलंय ते त्यात लिहिलेलं असेल."

"रजिस्टर? ते कोण वाचतं?" ते म्हणाले आणि कपाळ पुसत बसले.

मोटरची खोली गच्चीवर आहे. लहानपणी काकांबरोबर मी तिथं कितीदा गेले होते, टॉर्च धरायला. दार उघडलं की तेलाचा आणि तापलेल्या धुळीचा तोच वास. मोठं चाक, त्यावरून खाली गेलेले पोलादी तारांचे दोर, भिंतीवर लोखंडी पेटी. पेटी उघडली आणि मला काही कळेना. कुठं जळल्याची खूण नाही, तार सुटलेली नाही. बिघाड असा काहीच नव्हता. फक्त चिनी मातीच्या तीन फ्यूजच्या जागा रिकाम्या होत्या. कुणीतरी ते व्यवस्थित काढून नेले होते.

तेव्हा मला काकांच्या खिशातला खुळखुळाट आठवला.

रजिस्टर खिळ्याला लटकत होतं, सुतळीनं बांधलेल्या पेनासकट. लिफ्टवाल्यांचा एक नियम असतो, तो काकांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला होता. काम झालं की यंत्रानं काय केलं आणि आपण काय केलं ते जसंच्या तसं लिहायचं. चुकलं असलं तरी लिहायचं. पुढचा माणूस वर आला की त्यानं आधी ते वाचायचं, खाली सही करायची, आणि मगच यंत्राला हात लावायचा. "इथं खोटं लिहिलं तर खाली माणूस मरतो," काका सांगायचे, आणि मी टॉर्च अजून घट्ट धरायची. गेली अकरा वर्षं तिथं दुसरा मेकॅनिकच नव्हता, म्हणून काका दर महिन्याला स्वतःचंच वाचत आणि स्वतःच्याच खाली सही करत.

पार्टचा नंबर शोधायला मी पानं मागे उलटली. वर्षापूर्वीचं अक्षर मोत्यासारखं. "दोर तपासले. तेल दिलं. दुसऱ्या मजल्यावर बोटभर वर थांबते, ब्रेकची पट्टी बदलली." मग अक्षर मोठं होत गेलं. मग ओळी उतरत्या झाल्या. चार महिन्यांपूर्वीची नोंद वरच्या सहीवर चढली होती आणि मला ती दिव्याखाली धरून लावावी लागली.

"दोर हाताने तपासले. तपासणाऱ्याला समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. पुढच्याने डोळ्यांनी पुन्हा पाहावे."

पुढच्या महिन्यात परत. "तपासणाऱ्याची नजर आणखी कमी झाली आहे. मोटरचा आवाज ठीक. दोराचं खात्रीने सांगता येत नाही." त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच, फक्त अक्षरं एकमेकांत घुसलेली.

शेवटची नोंद पंधरा दिवसांपूर्वीची होती, अर्धं पान व्यापून. "दोर हाताला टोचला. तार तुटली असावी, दिसत नाही. फ्यूज काढून घेतले आहेत. नीट दिसणारा माणूस येईपर्यंत लिफ्ट सुरू करू नये. फ्यूज माझ्याकडे आहेत." त्याखाली त्यांची सही. तिच्याखालची जागा कोरी होती.

मी तिथंच चाकाशेजारी खाली बसले. रागाचं पार पाणी झालं होतं आणि मला रडू आलं, ते सरळ सांगते. चार महिने हा माणूस आंधळा होत चालला होता. रोज तीन हातांवर बसून, माझ्या डोळ्यांसमोर. मी केसाएवढी तार बघू शकते आणि मला हे दिसलं नाही. आता सगळं ओळीनं आठवायला लागलं. दारावरची घंटी वाजली की "कोण, आज कोण आलंय बाबा?" असं ते हसत विचारायचे आणि माणूस बोलेपर्यंत थांबायचे. दुकानात स्वतःचा चहा स्वतः ओतणं त्यांनी सोडलं होतं. पेपर इतका ताठ धरायचे की मागे चेहराच दिसू नये. आणि जगात कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्यांनी जिथं खोटं लिहायचं नाही तिथं मात्र चार वेळा लिहून ठेवली होती. ते वाचायला कुणी वर आलंच नव्हतं.

मी डोळे पुसले, सुतळीचं पेन घेतलं आणि त्यांच्या सहीखाली सही केली.

काकांचं दार उघडंच होतं. ते टेबलापाशी चहा ओतत होते, कपाच्या काठाला आतून बोट लावून. चहा बोटाला लागला तसे थांबले.

"ठिणगे? या वेळी? दुकान कोण बघतंय?"

"बंद केलं."

"चालतेस तर भांडायला निघाल्यासारखी," ते म्हणाले. "बस. काय झालं?"

मी बसले. काय बोलायचं ते जिन्यात पाच मजले घोकलं होतं, ते सगळं ऐनवेळी पळालं.

"काका, मी वर गेले होते. रजिस्टर वाचलं."

त्यांनी कप खाली ठेवला. टेबलाची कड आधी चाचपून, मग ठेवला.

"सही केलीस?"

"केली."

"बरं केलंस," ते म्हणाले. खिशात हात घालून त्यांनी तिन्ही फ्यूज काढले आणि माझ्या दिशेनं पुढे धरले, जरासे बाजूला. मी हात सरकवला आणि घेतले. पंधरा दिवस खिशात राहून ते उबदार झाले होते.

मग ते बोलले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटेच गेले होते. मधली नजर परत यायची नाही, कडेची राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं. आधी अक्षरं गेली, मग चेहरे.

"मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

"बघ, हेच. डोळे गेले म्हटलं की लोक मोठ्यानं बोलायला लागतात. बहिरा झाल्यासारखं. हात धरून खुर्चीत बसवतात. आणि मत विचारायचं सोडतात. ज्याला दिसत नाही त्याला काय कळणार, असं त्यांना वाटतं. मला ते स्टूल सोडायचं नव्हतं गं."

"आणि तो उबेवरचा फोन?"

ते कसनुसं हसले. "गिऱ्हाईकं आपसात बोलायची, त्यातून बातम्या जुळवायचो. एक दिवस काहीच हाती लागलं नाही. सगळे गप्प बसून वाट बघत होते, मला कळत होतं. खिशात हात होता, गरम वाटला, म्हटलं उबेवर चालणारा फोन. बाईंनी ते खरंच धरलं. मग मला मागे फिरता येईना."

"दोन महिने त्या भिंतीला बांधून घेतल्यासारख्या उभ्या आहेत."

"सांगतो त्यांना," काका म्हणाले. "उद्या सांगतो. तू नको सांगूस."

दुसऱ्या दिवशी ते दहाला आले. आज प्रथमच माझ्या लक्षात आलं की दारातून स्टुलापर्यंतची पावलं ते मोजतात. बाई मधल्या सुट्टीत आल्या तेव्हा दुकानात आणखी दोघं होते. काका उठून उभे राहिले.

"बाई, तो फोन नाहीये. कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. मी बनवून सांगितलं. मला वाचता येत नाही आता, दिसत नाही. तुमची दोन महिने गैरसोय केली, माफ करा."

बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं त्या काहीतरी चांगलं बोलतील. शाळेतल्या बाई आहेत, असल्या वेळी बोलायला त्यांनाच सुचायचं. पण त्या नुसत्याच वळल्या आणि निघून गेल्या. उरलेल्या दोघांपैकी एकजण मोठमोठ्यानं म्हणाला, "काका, बसा हं, बसा, मागे स्टूल आहे!"

"गेल्या का?" काकांनी मला विचारलं.

"गेल्या."

ते बसले. त्या दिवशी त्यांनी कशावरच मत दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. रिकाम्या स्टुलाकडे बघून गिऱ्हाईकं विचारायची, "काका कुठायत?" आणि मी म्हणायची, "येतील." मग ती मला फोनबद्दल न विचारताच आपलं काम उरकून जायची.

त्या आठवड्यात मी शहराच्या दुसऱ्या टोकाहून एक लिफ्टवाली शोधून आणली. पस्तिशीची, कमी बोलणारी, कमरेला हत्यारांचा पट्टा. तिनं वर जाऊन आधी रजिस्टर वाचलं, माझ्या सहीखाली सही केली आणि मग दोर बघितला. तीन तारा तुटल्या होत्या. "ज्यांनी बंद केली त्यांना भेटायचंय मला," ती म्हणाली. नवा दोर घालून लिफ्ट चालवून बघताना तिनं काकांना खाली आवाज ऐकायला उभं केलं आणि वरून ओरडून विचारत राहिली. व्यवस्थापकांना मी काकांच्या त्या चार नोंदी उभ्यानं वाचायला लावल्या. ते वाचता वाचता खाली बसले. त्यानंतर इमारतीत काकांशी कुणी वर तोंड करून बोललं नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजी मात्र पहिल्याच दिवशी लिफ्टनं उतरल्या आणि थेट काकांच्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "पार्ट कधीचा मागवला होता म्हणे?" दोघं बराच वेळ हसत होते.

मी दुकानातल्या एका जुन्या फोनची बॅटरी बदलली, पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायची सोय चालू केली आणि तो काकांच्या हातात ठेवला.

"बोलणारा फोन?" त्यांनी नाक मुरडलं. "याबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे."

"ते मत वाचता येत होतं तेव्हाचं आहे. आता वापरून द्या."

पहिले चार दिवस त्यांनी त्या फोनला नावंच ठेवली. हा स्वल्पविरामाला थांबत नाही. याला श्वास घ्यायला शिकवा. सगळं एकाच सुरात वाचतो, लग्न आणि अपघात त्याला सारखेच. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा ते दोन बोटांनी पडद्यावर काहीतरी करत होते आणि फोनमधून नुसता भुंग्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं, बिघडला.

"बिघडला नाही, वेग वाढवलाय," काका म्हणाले. "रेंगाळत होता. आज सगळी बातमीपत्रं ऐकून झाली. तुझ्या धंद्यात फार भानगडी चालल्यात, ठिणगे."

मला एक अक्षर कळत नव्हतं. चाळीस वर्षं फिरत्या चाकांच्या आवाजातून एकेक दात वेगळा ऐकलेला तो कान. त्याला ते सरळ साधं बोलणं वाटत होतं. मी म्हटलं, "मग हे सगळं मला एकटीलाच ऐकवणार आहात का?" त्यांनी फोन खिशात टाकला. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते दारात होते. काखेत पेपर नव्हता.

लोक आधी जरा अवघडले. जो मोठ्यानं बोलायचा त्याला काकांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "हळू बोल रे, तुझा आवाज माझ्या फोनपेक्षा वाईट आहे." मग फोन कानाला लावला, तो भुंग्यासारखा गुणगुणला, सगळे टक लावून बसले. काकांनी फोन खाली घेतला आणि बातमी सांगितली. कुठल्याशा कंपनीनं इस्त्रीला कॅमेरा बसवला होता. "सुरकुती बघायला कॅमेरा!" काका म्हणाले. "ती हाताला लागते की." दुकान पुन्हा हसायला लागलं.

बाई तीन आठवड्यांनी आल्या. त्यांचा फोन अखेर पूर्ण गेला होता. रस्त्यापलीकडच्या मोठ्या दुकानातून आणलेले नव्या फोनचे दोन खोके त्यांच्या पिशवीत होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. त्या माझ्या काउंटरपाशी न येता काकांसमोर उभ्या राहिल्या.

"मी अजून रागावलेली आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे," काका म्हणाले.

"पण मला निवडता येत नाहीये. सांगा, कुठला ठेवू?"

काकांनी दोन्ही फोन हातात घेतले. तोलून बघितले, कडेवरून अंगठा फिरवला, बटणं दाबून त्यांचा आवाज ऐकला, चार्जिंगचं भोक नखानं तपासलं. दोघांना एकेकदा बोलायला लावलं.

"याचं बटण सैल आहे, वर्षभरात आत जाईल. आवाज याचा बरा, त्याचा पत्र्यासारखा. वजनाला हा हातात नीट बसतो," ते म्हणाले. मग थांबले. मला वाटलं आता पडद्यावर घसरतील. पडद्यांवर त्यांची दहा तरी ठरलेली वाक्यं होती, ती मला तोंडपाठ आहेत.

"पडदा मला दिसत नाही, बाई," काका म्हणाले. "त्याबद्दल माझं मत नाही. हिला विचारा. तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

आणि त्यांनी दोन्ही फोन माझ्या दिशेनं पुढे धरले, जरासे बाजूला.

बाई माझ्याकडे वळल्या. मागचे दोघंही वळले. सहा वर्षांत माझ्याच दुकानात पहिल्यांदा कुणी माझं मत विचारत होतं. मी फोन घेतले, भिंगाचा दिवा लावला, आणि आधी एका पडद्यावर धरला, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर.

"सांग की," काका म्हणाले. "आम्ही ऐकतोय."